साधेपणावरील जकात

साहित्याचे जेवढे म्हणून प्रकार आपल्याकडे आहेत, त्यांत सर्वांत जास्त वाचला जाणारा आणि सर्वांत कमी परीक्षण होणारा प्रकार म्हणजे पाककृती. कवितासंग्रह निघाला की त्यावर दोन परीक्षणे येतात, एक परिसंवाद होतो आणि निदान एक तरी भांडण होते. पाककृतीचे पुस्तक मात्र हळदीचे डाग पडून पाने एकमेकांना चिकटेपर्यंत वाचले जाते, आणि त्यावर एकही समीक्षक एक अक्षर लिहीत नाही. वास्तविक कवितेची ओळ चुकली तर कोणी उपाशी राहत नाही. पाककृतीची चुकली तर सगळे घर राहते. इतका जबाबदारीचा वाङ्मयप्रकार समीक्षेवाचून पडून राहावा हे बरे नव्हे, म्हणून हे चार शब्द.

त्यातही सध्या ज्या उपप्रकाराला बहर आला आहे तो म्हणजे ‘जपानी धर्तीचे जेवण, घरातल्याच साहित्यात’. मासिकाच्या पानावर तो आहे, टीव्हीवर आहे आणि मोबाइलच्या पडद्यावर तर पावसाळी छत्र्यांसारखा उगवला आहे. ‘घरातल्याच साहित्यात’ हे शब्द वाचले की मध्यमवर्गीय माणसाला जरा धीर येतो. मग तो यादी वाचू लागतो. तांदूळ, कोबी, गाजर, आले. इथपर्यंत लेखिकेचे घर आणि आपले घर एकाच गल्लीत असते. पाचव्या ओळीत मिसो येतो. सहाव्या ओळीत मिरिन येते. ही तांदळापासून केलेली, स्वयंपाकात घालायची गोड दारू. सातव्या ओळीत कोम्बू येतो. कोम्बू म्हणजे समुद्रातले जाड शेवाळ वाळवून केलेल्या पट्ट्या. शेवाळ आमच्याही घरात आहे, नाही असे नाही. पण ते गच्चीवरच्या टाकीत आहे आणि त्यासाठी सोसायटीने दोनदा नोटीस लावली आहे.

या वाङ्मयात सरळ सरळ दोन पंथ पडलेले दिसतात. पहिला सोवळ्याचा. या पंथाच्या मते मिरिन नसेल तर चुलीजवळ जाऊच नये. हे लेखक पर्याय सुचवतात तेही उपकार केल्यासारखे, आणि लगेच कंसात ‘पण ती चव येणार नाही’ असा शापही देऊन ठेवतात. दुसरा पंथ वेषांतराचा. तो म्हणतो, पनीरवर सोया सॉस शिंपडा, वर पांढरे तीळ भुरभुरा, ताटाऐवजी खोलगट वाडग्यात वाढा आणि म्हणा तेरियाकी. आता ‘तेरी’ म्हणजे तकाकी आणि ‘याकी’ म्हणजे भाजणे. सोया सॉस, साखर आणि मिरिन आटत आटत पदार्थावर जी चकाकी चढते तिच्यावरून ते नाव पडले. चकाकीचा पत्ता नसताना नुसते तीळ टाकून तेरियाकी म्हणणे म्हणजे नुसते बाशिंग बांधून नवरदेव म्हणवून घेण्यासारखे आहे.

तुम्ही म्हणाल, मग समीक्षक कोणाच्या बाजूचा? त्यासाठी जरा खुद्द जपानकडे पाहिले पाहिजे. कारण परक्याची पाककृती घेऊन ती घरातल्या साहित्यात बसवण्याचा हा उद्योग जपान्यांनी आपल्या कितीतरी आधी, आणि अगदी राजरोस केलेला आहे. 1872 साली तिथे पाश्चात्त्य स्वयंपाकाचे एक पुस्तक निघाले. त्यात ‘करी’ची कृती आहे. करी निघाली आपल्याकडून, गेली विलायतेला, तिथे तिच्यात मैदा कालवला गेला आणि मग ती जपानी बंदरात उतरली. त्या कृतीत पात आहे, आले आहे, लसूण आहे, कोळंबी आहे आणि बेडूकही आहे. माहेरचे कोणी विचारायला येणार नाही अशी खात्री असली की सासरी सुनेला कसे वागवतात, त्याचा हा लेखी पुरावा.

पुढे 1963 मध्ये एका जपानी कंपनीने घरगुती करीच्या तयार वड्या बाजारात आणल्या. त्यांत सफरचंद आणि मध. नाव काय, तर अमेरिकेतल्या एका राज्यावरून ‘व्हर्मॉन्ट’. म्हणजे पदार्थ मूळचा हिंदुस्थानी, रीत इंग्रजी, नाव अमेरिकन, गोडवा सफरचंदाचा आणि खाणारे जपानी. इतक्या देशांच्या सह्या तर एखाद्या आंतरराष्ट्रीय करारावरही नसतील. आणि तरीही आज जपानी पोराला विचारा, घरचे जेवण म्हणजे काय. पहिल्या पाच नावांत करी-भात नक्की येईल.

या करीविरुद्ध बंड करणारा माणूस मात्र आपला होता. रासबिहारी बोस 1915 मध्ये ब्रिटिशांच्या हातावर तुरी देऊन जपानला पोचले. टोकियोच्या शिंजुकू भागातल्या ‘नाकामुराया’ या बेकरीच्या मालकांनी त्यांना आसरा दिला. पुढे ते त्या घरचे जावई झाले आणि 1927 मध्ये त्याच दुकानाच्या उपाहारगृहात त्यांच्या आग्रहाने अस्सल हिंदी करी सुरू झाली. मैद्याच्या पिवळ्या रश्शाऐवजी मसाल्यात शिजलेली, हाडासकट कोंबडी. साम्राज्याशी त्यांचा लढा सर्वांना ठाऊक आहे. साम्राज्याने करीचे जे केले त्याविरुद्धचा हा दुसरा लढाही इतिहासात यायला हवा. दुकान अजून आहे आणि ती करीही अजून मिळते. पण जपानी घरात राज्य कोणाचे, तर सफरचंदाचे! क्रांती हॉटेलात यशस्वी झाली, घरात नाही. घरात तेच टिकते, जे संध्याकाळी सात वाजता दमलेल्या माणसाच्या हातून होते.

म्हणजे सोवळ्याचा पंथ इथेच निकालात निघाला. ज्या देशाने करीत सफरचंद घातले, त्या देशाच्या नावाने आपल्याला ‘मिरिनऐवजी साखर चालणार नाही’ असे कोणी दरडावू नये.

पण म्हणून वेषांतराचा पंथ जिंकला असेही नाही. साहित्य बदलले तरी जपानी घरात एक गोष्ट बदलत नाही. ती म्हणजे क्रम. तिथे स्वयंपाक शिकणाऱ्याला आधी बाराखडी शिकवतात : सा, शि, सु, से, सो. सा म्हणजे सातो, साखर. शि म्हणजे शिओ, मीठ. सु म्हणजे व्हिनेगर. से म्हणजे शोयू, आपला सोया सॉस. जुन्या लेखनात तो ‘से’ने सुरू होई, म्हणून त्याला इथे जागा. आणि सो म्हणजे मिसोचे शेपूट. याच क्रमाने पदार्थात चवी घालायच्या. साखर आत शिरायला वेळ घेते म्हणून ती आधी. मीठ आधी पडले तर तिची वाट अडते. सोया सॉस आणि मिसो यांचा जीव वासात, तो उकळीने उडून जातो, म्हणून ते शेवटी. मिसो घातल्यावर तर उकळी येऊच द्यायची नाही. आणि त्यांच्या अक्षरांचा हा आ-इ-उ-ए-ओ अनुक्रम मुळात बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत वर्णाभ्यासातून तिकडे रुजला आहे. म्हणजे बाराखडी आपली, आणि ती डब्यांवर चिकटवण्याची अक्कल त्यांची.

आता पाहा, या नियमाला मिरिन लागत नाही, कोम्बू लागत नाही. साखर, मीठ आणि सोया सॉस ही त्रयी आज आपल्या नाक्यावरच्या वाण्याकडेही मिळते. पण ‘घरातल्याच साहित्यात’वाल्या किती पाककृतींत हा क्रम सांगितलेला असतो? बहुतेक ठिकाणी ‘सर्व सॉस एकत्र करून ओता’ एवढेच. बँकेत सर्व पावत्या एकत्र करून ओतल्या तर काय होईल?

खरी जपानी गोष्ट मिळाली ती मला एका पुस्तकात, आणि या समीक्षेचा मुख्य विषय तेच आहे. लेखक योशिहारु दोई, साल 2016. पुस्तकाच्या नावाचा मराठीत अर्थ सांगायचा तर, ‘एक सार, एक तोंडीलावणे एवढे पुरे, असा प्रस्ताव’. नावातच प्रस्ताव आहे. फक्त ‘मंजुरीस्तव सादर’ एवढे लिहायचे राहिले आहे. मांडणी साधी. रोजच्या जेवणाला भात, भरपूर भाज्या घातलेले मिसोचे सार आणि लोणचे. झाले. सारात काय घालायचे? जे असेल ते. कोबी, भोपळा, अंडे, टोमॅटोसुद्धा. त्यासाठी वेगळे ‘दाशी’ म्हणजे शेवाळाचे किंवा मासळीचे पाणी काढत बसायची गरज नाही. भाज्याच पाण्यात आपली चव सोडतात. आणि घरचे जेवण रोज चविष्ट झालेच पाहिजे असेही नाही.

हे वाक्य कोण म्हणतो त्याला महत्त्व आहे. दोई हे कोणी आळशी गृहस्थ नव्हेत. स्वित्झर्लंड-फ्रान्समध्ये फ्रेंच स्वयंपाक शिकलेले, मग ओसाकाच्या नामांकित ‘आजीकिच्चो’त जपानी पाककलेचे धडे घेतलेले. त्यांचे वडील मासारु दोई हे टीव्हीवरचे त्या काळचे लाडके पाकशिक्षक. जपानमध्ये ‘ओफुकुरो नो आजी’, म्हणजे ‘आईच्या हातची चव’, हा शब्दप्रयोग घरोघर पोचवण्यात त्यांचा मोठा वाटा मानतात. मुलाला वडिलांच्या घरगुती स्वयंपाकाच्या शाळेत बोलावणे आले, तेव्हा त्याला ते कमीपणाचे वाटले. मग क्योटोला कुंभार कावाई कांजिरो यांचे घर पाहताना त्याच्या ध्यानात आले की निनावी कारागिराने रोजच्या वापरासाठी केलेल्या साध्या भांड्यात जे सौंदर्य असते, तेच घरच्या स्वयंपाकात असते. आणि 2013 मध्ये युनेस्कोने जपानी जेवणाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत बसवल्यावर, सगळा देश नक्षीदार ताटांचे फोटो काढत असताना, तीनच वर्षांनी या माणसाने सांगितले, सार-भात पुरे. वडिलांनी घराघरातल्या बाईच्या नावावर ‘आईची चव’ नावाचे कर्ज चढवले होते. मुलाने ते माफ केले. कर्जमाफीची इतकी कौटुंबिक योजना माझ्या तरी पाहण्यात नाही.

मी हे मोठ्या उत्साहाने घरात वाचून दाखवले.

“अहो, म्हणजे वरण-भात-लोणचंच की,” बायको म्हणाली.

“तसं म्हटलं तर तसं. पण त्याच्यामागे एक जीवनदृष्टी आहे.”

“गेल्या महिन्यात आत्या आल्या होत्या तेव्हा मी ऑफिसातून येऊन वरण-भात-लोणचं वाढलं. त्या काय म्हणाल्या आठवतंय? ‘एवढंच? बरं नाही का गं तुला?’ आपण केलं तर आळस, आणि जपानी माणसानं केलं तर जीवनदृष्टी. हे बरं आहे!”

अख्ख्या पाकसमीक्षेत याहून नेमके विधान मी वाचलेले नाही. साधेपणा आपल्याकडे पिकत नाही असे नाही. पण परदेशातून जकात भरून आल्याशिवाय त्याला घरात मान मिळत नाही. वरण-भाताला ‘बोल’ म्हटले, वर तीळ टाकले आणि शेजारी दोन काड्या ठेवल्या, तर आत्यासुद्धा ‘काहीतरी नवीन केलंन हो’ म्हणून कौतुक करतील. वेषांतराच्या पंथाचे सगळे यश या एका गोष्टीवर उभे आहे.

तरी दोईंच्या प्रस्तावावर मंजुरीचा शिक्का मारण्यापूर्वी दोन शेरे मारणे भाग आहे.

पहिला शेरा मिसोविषयी. दहा मिनिटांत सार होते हे खरे. पण मिसो दहा मिनिटांत होत नाही. सोयाबीन शिजवून, त्यात मीठ आणि कोजी, म्हणजे मुद्दाम बुरशी वाढवलेला तांदूळ, कालवून ते महिनोन्‌महिने मुरत ठेवायचे. बोनिटो मासा उकडून, धुरी देऊन, वाळवून लाकडासारखा कडक करतात आणि मग रंध्यावर सुतारासारखा तासतात. तेही महिन्यांचे काम. म्हणजे जपानी झटपट जेवण हे मुदत ठेवीच्या व्याजावर चालते. ज्याची ठेव नाही त्याने व्याजाची स्वप्ने पाहू नयेत. म्हणून मिसोऐवजी अमुक घाला आणि तमुक घाला हे पर्याय फसवे. मिसोला पर्याय मिसोच. पण ठेवी आपल्याकडेही आहेत : मेतकूट, गोडा मसाला, कोकम, सांडगे, लोणचे, सुकट, सुके बोंबील. त्या कोणी तरी एका उन्हाळ्यात करून ठेवल्या म्हणून पावसाळ्यात दहा मिनिटांत पान वाढता येते.

आणि एक शास्त्रही सांगून ठेवतो. 1908 साली किकुनाए इकेदा या प्राध्यापकांनी कोम्बूच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळे काढले आणि त्या चवीला ‘उमामी’ नाव दिले. हेच ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोतही भरपूर असते. 1913 मध्ये त्यांच्याच एका शिष्याने सुक्या बोनिटोतले दुसरे चवद्रव्य, इनोसिनेट, शोधले. ही दोन्ही एकत्र आली की चव बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते. म्हणजे टोमॅटोच्या सारात मूठभर सुकट टाकणारी कोकणातली आजी दाशीचेच गणित सोडवत होती. शाकाहारी मंडळींनीही निराश होऊ नये. जपानी बौद्ध मठांत मासळी वर्ज्य, आणि कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य. तिथले पाणी कोम्बूचे आणि वाळवलेल्या अळिंबीचे. 1237 मध्ये झेन आचार्य दोगेन यांनी मठातल्या आचाऱ्यासाठी लिहिलेल्या ग्रंथात बजावले आहे की, साधी पालेभाजी हातात आली म्हणून नाक मुरडू नये आणि भारी जिन्नस आला म्हणून हुरळून जाऊ नये. ‘घरातल्याच साहित्यात’ या प्रकाराचा तो आद्य ग्रंथ मानायला माझी हरकत नाही.

दुसरा शेरा जास्त गंभीर आहे. साधेपणाचे कौतुक कोण करतो ते पाहावे. यासुजिरो ओझू यांचा 1952 चा एक चित्रपट आहे. नावाचा अर्थ ‘चहा ओतलेल्या भाताची चव’. श्रीमंत घरातली बायको आणि साधा, गावाकडचा नवरा. नवरा भातावर सार ओतून भुरके मारतो, बायकोला ते गावंढळ वाटते. शेवटी एका रात्री मोलकरीण झोपलेली असताना दोघे स्वयंपाकघरात शिरतात, भात कुठे, लोणचे कुठे हे शोधत फिरतात, आणि चहा ओतलेला तो भात शेजारी बसून खातात. तेवढ्यात सगळा अबोला विरघळतो. प्रसंग इतका गोड आहे की पाहणाऱ्याला भूक लागावी. पण समीक्षकाच्या डोळ्याला एक गोष्ट खुपतेच : आपल्याच घरात लोणच्याची बरणी कुठे आहे हे त्या दोघांना माहीत नाही! ज्याला रोज रांधावे लागत नाही त्याला एका रात्रीचा साधेपणा काव्यमय वाटतो. ती झोपलेली मोलकरीण उठून बसली असती तर तिने चहा-भातावर काय परीक्षण केले असते, ते ऐकायला मला आवडले असते.

दोईंचे मोठेपण हे की ते त्या मोलकरणीच्या बाजूने, म्हणजे रोज रांधणाऱ्याच्या बाजूने बोलतात. त्यांचा प्रस्ताव खाणाऱ्याला अंकुश आहे आणि करणाऱ्याला मोकळीक. मला भीती एवढीच की तो वाचतील खाणारे, आणि मग संध्याकाळी कोचावर पाय पसरून म्हणतील, “आज काही नको, साधं जपानी कर.” साधे म्हणून सांगितलेले जेवणही कोणाला तरी उठून करावे लागते. आणि सार-भात करायला इतका सोपा आहे, तर तो कोणीही करू शकतो. म्हणजे मीसुद्धा. पुस्तकाचा हा परिणाम गैरसोयीचा आहे, पण तर्काने टाळता येत नाही.

तेव्हा निकाल असा. जपानी धर्तीचे जेवण घरी जरूर करावे. भात चिकट हवा असेल तर मावळातला इंद्रायणी घ्यावा, तो काड्यांनीसुद्धा उचलता येतो. बासमतीवर काड्या चालवणे म्हणजे खिळ्याने मोहरी टिपणे. चवी बाराखडीच्या क्रमाने घालाव्यात. जो जिन्नस नाही त्याचे सोंग आणू नये; टोमॅटोच्या साराला टोमॅटोचे सारच म्हणावे. लेखकांनी ‘घरातल्याच साहित्यात’ असे लिहिण्यापूर्वी घर कोणाचे ते पत्त्यासह कळवावे. आणि जपानकडून एकच वस्तू आयात करायची असेल तर ती बाटलीत मिळत नाही : ‘आज एवढंच’ असे मान वर करून म्हणण्याची मुभा. तिच्यावरची जकात आत्यांच्या पातळीवर माफ व्हावी, अशी माझी शिफारस आहे.

जपानी जेवणात भाताची वाटी डावीकडे आणि साराची उजवीकडे, हा नियम सहसा मोडत नाहीत. आपल्या पानातही मीठ-लिंबू-चटणी डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे. आमच्या खातेवहीत नावे डावीकडे, जमा उजवीकडे. दोन्ही बाजूंना किती नोंदी आहेत याला हिशेबात महत्त्व नसते, बेरीज जुळते की नाही याला असते. जेवणाऱ्याचे पोट भरले, आणि जिने किंवा ज्याने रांधले तोही त्याच वेळी, गरम भाताशी, शेजारीच बसून जेवला, की पान दोन पदार्थांचे असो वा दहा, वही जुळली असे समजावे.